मुलांच्या हातात फोन देताय? मग आधी हे करून घ्या, आणि ह्याच क्रमाने

घरात मुलासाठी पहिला फोन किंवा टॅब आला की बहुतेक आईबाबा लगेच पॅरेंटल कंट्रोलचं अ‍ॅप शोधायला लागतात. ते करायचंच आहे, पण ते दुसरं काम. पहिलं काम तोंडाने करायचंय, आणि तेही फोन चार्जिंगला लावायच्या आधी. खाली सगळं क्रमाने लिहितेय, टेक्निकल फारसं काही येत नसेल तरी चालेल, एक निवांत दुपार काढा आणि दोन्ही फोन (तुमचा आणि मुलाचा) समोर घेऊन बसा.

पायरी १ : आधी वचन, मग वायफायचा पासवर्ड

मुलाला समोर बसवून एकच गोष्ट स्पष्ट सांगायची: "ऑनलाइन काहीही विचित्र झालं, अगदी तुझ्या चुकीने झालं, तरी मला येऊन सांग. सांगितलंस म्हणून मी तुझा फोन काढून घेणार नाही." एवढंच. काहींना हे फारच लाडाचं वाटतं, पण ह्यामागे कारण आहे. मुलांना ऑनलाइन जाळ्यात ओढणारा माणूस सगळ्यात जास्त कशावर जगत असेल तर मुलाला घरच्यांची जी भीती वाटते तिच्यावर. "आईला सांगितलंस तर तुझाच फोन जाईल", "बाबांना दाखवू का काय काय बोललीस ते", ही त्याची ठरलेली वाक्यं असतात. ती भीती तुम्ही आधीच काढून टाकली तर त्याच्याकडे धमकी द्यायला फार काही उरत नाही.

आणि वचन दिलं की पाळावं लागतं बरं का. मूल पहिल्यांदा काहीतरी फुटकळच सांगायला येईल, गेममध्ये कुणी शिवी दिली वगैरे, आणि तेव्हा तुम्ही "बघ, म्हणूनच म्हणत होते फोन नको" असं बोलून गेलात की संपलं, पुढची मोठी गोष्ट तुमच्यापर्यंत येणारच नाही. मुलं फुटकळ गोष्टींवरच आपली परीक्षा घेतात.

साधारण दहाच्या आतल्या मुलांसाठी अजून एक नियम: जो कोणी म्हणेल "हे आपल्यातच ठेव, घरी सांगू नकोस", त्याच्याबद्दल त्याच दिवशी घरी सांगायचं, मग तो ओळखीचा का असेना. 'अनोळखी माणसाशी बोलू नको' हे ऑनलाइन फारसं चालत नाही, कारण दोन आठवडे रोज सोबत गेम खेळलेला माणूस मुलाच्या लेखी अनोळखी राहतच नाही.

पायरी २ : मुलाचं स्वतःचं अकाउंट, खऱ्या जन्मतारखेचं

तुमचा जुना फोन मुलाला देत असाल तर आधी तो पूर्ण फॅक्टरी रीसेट करा (सगळं पुसून नव्यासारखा). तुमचं ईमेल, तुमचं सेव्ह केलेलं कार्ड, तुमचे लॉगिन तसेच ठेवून फोन देणं म्हणजे चाव्यांचा जुडगा देण्यासारखं आहे.

मग मुलाच्या नावाने चाइल्ड अकाउंट काढायचं. अँड्रॉइडवर गूगलचं फॅमिली लिंक आहे, आयफोन-आयपॅडवर फॅमिली शेअरिंग आणि त्यातलं स्क्रीन टाइम, विंडोजच्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्ट फॅमिली सेफ्टी. तिन्ही फुकट आहेत, त्यामुळे सुरुवातीला वेगळं पैसे देऊन काही घ्यायची गरज नाही. ह्यात किमान एवढं सेट करा: नवीन अ‍ॅप टाकायला तुमची परवानगी, खरेदीला तुमची परवानगी, अ‍ॅपची वयोमर्यादा, आणि रात्री फोन बंद व्हायची वेळ. आयफोनवर स्क्रीन टाइमचा पासकोड फोनच्या पासकोडपेक्षा वेगळा ठेवा, आणि मुलाच्या समोर टाइप करू नका, मुलं बोटांकडे बघून नंबर ओळखतात. आयफोनवरच कम्युनिकेशन सेफ्टी नावाची एक सोय आहे, मेसेजमध्ये उघडा फोटो आला तर तो धूसर करून दाखवते आणि मुलाला मदतीचा पर्याय देते. हे सगळं फोनच्या आतल्या आतच होतं, फोटो कंपनीकडे जात नाही, म्हणून ती चालूच ठेवा.

आता जन्मतारीख. बहुतेक सोशल मीडियावर तेराची अट का असते माहितेय? अमेरिकेत १९९८ साली कोपा नावाचा कायदा झाला, तेराच्या आतल्या मुलांची माहिती पालकांच्या परवानगीशिवाय गोळा करायची नाही असा, आणि कंपन्यांनी तोच आकडा धरून ठेवला. म्हणजे तेरावं लागलं की मूल सोशल मीडियासाठी तयार होतं असं कुणी तपासून ठरवलेलं नाहीये. काही देशांना तेरा कमी वाटतं, ऑस्ट्रेलियाने तर डिसेंबर २०२५ पासून मोठ्या सोशल मीडियावर सोळाच्या आतल्यांची अकाउंट्सच बंद केली.

पण मुद्दा असा की आठ वर्षांच्या मुलाने (कधी कधी आईबाबांनीच) तेरा वर्षं टाकून अकाउंट काढलं, तर ते मूल खरं तेराचं होईल तेव्हा अ‍ॅपच्या हिशोबाने अठरा पूर्ण झालेलं असतं. आणि अठरा झाले की टीनएजर्ससाठी असलेल्या सगळ्या आपोआप लागणाऱ्या मर्यादा निघून जातात, बरोबर ज्या वयात त्या लागतात त्याच वयात. आधीच असं अकाउंट असेल तर ते बंद करून खऱ्या तारखेने नवीन काढा, फॉलोअर गेले म्हणून रुसवा होईल, होऊ दे.

पायरी ३ : सर्च आणि घरचं वायफाय

हे पटकन होतं. गूगलमध्ये सेफसर्च फिल्टरवर ठेवा. घरच्या राउटरमध्ये (वायफाय देणारा डबा) जाऊन डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलता येत असेल तर क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ आणि दुसऱ्या खान्यात १.०.०.३ टाका, व्हायरसवाल्या आणि प्रौढांच्या साइट बऱ्याचशा तिथेच अडतात. जमत नसेल तर घरातल्या किंवा शेजारच्या जाणत्या पोराला हाताशी घ्या.

ह्याच्या मर्यादा पण माहीत असू द्या. मुलाने मोबाइल डेटा चालू केला किंवा व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्याच वाटेने फिरवणारं अ‍ॅप) टाकला की राउटरचं फिल्टर बाजूला पडतं, आणि अ‍ॅपच्या आतल्या चॅटमध्ये काय चाललंय ते तर त्याला कधीच दिसत नाही. म्हणून फिल्टर लावला, आता काळजी मिटली असं अजिबात समजू नका.

पायरी ४ : एकेक अ‍ॅप उघडून बघायचं, मुलासोबत

यूट्यूब : लहानांसाठी यूट्यूब किड्स वेगळं अ‍ॅप आहे, त्यात एक सोय अशी की फक्त तुम्ही निवडलेले व्हिडिओ आणि चॅनेलच दिसतील असं करता येतं, आणि मग सर्चही बंद होतं. अगदी लहान मूल असेल तर हेच करा. ऑटोप्ले बंद करा, कारण मूल बघायला बसतं एक आणि चार व्हिडिओंनंतर भलतंच काहीतरी चालू असतं, ते त्याने शोधलेलं नसतंच. थोड्या मोठ्यांसाठी यूट्यूबचंच सुपरवाइज्ड, म्हणजे पालकांच्या देखरेखीखालचं, अकाउंट काढता येतं.

इन्स्टाग्राम : सप्टेंबर २०२४ पासून टीन अकाउंट आलंय. अठराच्या आतल्यांना आपोआप प्रायव्हेट अकाउंट, मेसेज फक्त ओळखीच्यांकडून, रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन बंद. सोळाच्या आतल्यांना ह्या गोष्टी पालकांच्या परवानगीशिवाय सैल करता येत नाहीत. पण हे सगळं जन्मतारीख खरी असेल तरच, म्हणून पायरी २ वर एवढा वेळ घालवला.

व्हॉट्सअ‍ॅप : सेटिंग, मग प्रायव्हसी, मग ग्रुप्स, तिथे 'माय कॉन्टॅक्ट्स' करा. नाहीतर कुणीही उचलून कुठल्याही ग्रुपमध्ये टाकतं. प्रोफाइल फोटो आणि लास्ट सीन पण कॉन्टॅक्ट्सपुरतंच. कॉल्समध्ये अनोळखी नंबर सायलेन्स करायचा पर्याय आहे, तो चालू करा. आणि लिंक्ड डिव्हाइसेस उघडून बघा, ओळखीचं नसलेलं एखादं मशीन जोडलेलं दिसलं तर लगेच लॉगआउट.

स्नॅपचॅट : मॅपवर घोस्ट मोड चालू आहे ना ते बघा, नाहीतर मूल कुठे आहे ते मित्रयादीतल्या सगळ्यांना नकाशावर दिसतं, आणि त्या यादीत मुलं ज्यांना कधी भेटलेलीच नाहीत असेही बरेच असतात. 'फोटो गायब होतो' ह्यावर मुलांचा फार विश्वास असतो. समोरचा स्क्रीनशॉट काढू शकतो, दुसऱ्या फोनने फोटो काढू शकतो, हे करून दाखवा. खरंच दोन फोन घेऊन करून दाखवा, सांगून पटत नाही.

चॅटबॉट : हे नवीन आहे आणि पालकांच्या यादीत बहुधा नसतंच. मुलं होमवर्कपासून सुरुवात करतात आणि मग जे कुणाशीच बोलत नाहीत ते तिथे बोलतात. चॅटजीपीटीमध्ये सप्टेंबर २०२५ पासून पालकांचं अकाउंट मुलाच्या अकाउंटला जोडता येतं, ते जोडा. आणि मधूनमधून सहज विचारा, आज काय विचारलंस रे त्याला.

गेम्स : इथे जरा थांबायला लागेल, कारण "तो काय, नुसता गेमच खेळतोय" असं म्हणून आपण निर्धास्त असतो. रोब्लॉक्स, माइनक्राफ्ट, फोर्टनाइट, ह्या सगळ्यांत खेळणाऱ्यांना एकमेकांशी कुठल्या ना कुठल्या मार्गाने बोलता येतं. प्रत्येकात पालकांसाठी वेगळी सेटिंग आहेत, तिथे चॅट फक्त मित्रांपुरतं करा किंवा लहान असेल तर पूर्ण बंद. व्हॉइस चॅट चालू असेल तर हेडफोनशिवाय, स्पीकरवर, घरातल्या मधल्या खोलीत. हा एकच नियम खूप काम करतो.

धोका कसा येतो ते नीट बघा, कारण तो राक्षसासारखा येत नाही. समजा अकरा वर्षांचा मुलगा खेळतोय. कुणीतरी येतं, "भारी खेळतोस". दुसऱ्या दिवशी एक स्किन (गेममधल्या पात्राचा नवा पोशाख) गिफ्ट. मग रोज ठरलेल्या वेळी सोबत खेळणं, मग "माझे आईबाबा पण असेच कटकट करतात", म्हणजे दोघं एका बाजूला आणि घरचे दुसऱ्या बाजूला. मग "इथे चॅट स्लो आहे, डिस्कॉर्डवर ये" (हे गेम खेळणाऱ्यांत चालणारं वेगळं चॅट अ‍ॅप). ही उडी सगळ्यात महत्त्वाची, कारण गेममध्ये थोडंफार फिल्टर असतं, तिथून बाहेर नेलं की खाजगी. मग वय, मग फोटो, साधाच, मग तसा नाही. मधलं कुठलंही एक वाक्य वेगळं काढून बघितलं तर त्यात काहीच वाईट नसतं, म्हणून मुलाला कळत नाही, आणि खरं सांगायचं तर मोठ्यांनाही कळलं नसतं. मुलाला हा सगळा क्रमच सांगा, गोष्टीसारखा, आणि दोन ठिकाणी लाल खूण करा: फुकट गिफ्ट आणि "दुसऱ्या अ‍ॅपवर ये".

पायरी ५ : घरात काय दिसलं तर कान टवकारायचे

तुम्ही खोलीत आलात की स्क्रीन पटकन पालथी होते, कुठून आलं माहीत नाही असं गेममधलं महागडं सामान, दुसरं लपवलेलं अकाउंट, रात्री उशिरा मेसेज, फोन हातात नसला की घाबराघुबरा चेहरा. आता ह्यातलं निम्मं कुठल्याही चौदा वर्षांच्या मुलीत किंवा मुलात दिसतंच, वयच तसं आहे, म्हणून एका खुणेवरून झडती घेऊ नका. अचानक बदल झाला असेल, दोन-तीन गोष्टी एकत्र दिसत असतील, तर बोला. समोरासमोर बसवून चौकशी केल्यासारखं नको, शेजारी चालताना किंवा गाडीत, जिथे डोळ्यात डोळे घालावे लागत नाहीत तिथे मुलं जास्त बोलतात.

लपून मुलाचे मेसेज वाचणारी अ‍ॅप्स टाकायची का, हा प्रश्न नेहमी येतो. माझं मत, नाही. टाकायचंच असेल तर सांगून टाका. लपून टाकलं आणि मुलाला कळलं (कळतंच) की ते दुसऱ्याच फोनवर जातं, आणि पायरी १ मधलं वचन पण त्याच दिवशी मोडतं. सात-आठ वर्षांच्या मुलाचा फोन उघडपणे बघणं वेगळं, सोळा वर्षांच्या मुलीच्या मैत्रिणीशी चाललेल्या गप्पा वाचणं वेगळं.

पायरी ६ : फोटोवरून धमकी आली तर

हे टीनएजर्सच्या पालकांनी दोनदा वाचा, आणि काही व्हायच्या आधीच मुलाला पण वाचायला द्या. सेक्सटॉर्शन म्हणतात ह्याला. एक छानशी, साधारण त्याच वयाची वाटणारी प्रोफाइल येते, पटकन जवळीक होते, ती आधी स्वतःचा (म्हणजे चोरलेला) फोटो पाठवते, मग मागते. फोटो गेला की काही मिनिटांतच सूर बदलतो. मुलाच्या फॉलोअर लिस्टचा स्क्रीनशॉट येतो, "पैसे टाक नाहीतर ह्या सगळ्यांना जाईल". पैशांसाठीच्या ह्या प्रकारात मुलगेच जास्त सापडतात, त्यामुळे "आमचा मुलगा आहे, आम्हाला काय काळजी" हे डोक्यातून काढा.

अशा वेळी क्रम असा ठेवायचा. पैसे द्यायचे नाहीत, कारण एकदा दिले की मागणी थांबत नाही, वाढते. अजून एकही फोटो पाठवायचा नाही. उत्तर देणं बंद. चॅट डिलीट करायचं नाही, तोच पुरावा आहे. प्रोफाइलचं नाव, लिंक, धमकीचे मेसेज, पैसे कुठे मागितले ते, ह्याचे स्क्रीनशॉट काढा, मग अ‍ॅपमध्ये रिपोर्ट करा, मग ब्लॉक. त्यानंतर तुमच्या भागातल्या पोलिसांच्या सायबर शाखेकडे किंवा मुलांच्या हेल्पलाइनकडे. एक काळजी घ्या: मुलाचा तो फोटो पुरावा म्हणून स्वतःच्या फोनवर घेऊ नका, नातेवाइकांना किंवा शाळेला फॉरवर्ड तर मुळीच करू नका. अल्पवयीन मुलाचा असा फोटो बाळगणं आणि पाठवणं हाच अनेक देशांत गुन्हा आहे, हेतू चांगला असला तरी.

फोटो पसरू नये म्हणून एक फुकटची सोय आहे, टेक इट डाउन नावाची. अमेरिकेतली एनसीएमईसी ही मुलांसाठी काम करणारी संस्था ती चालवते आणि ती दुसऱ्या देशांतल्या मुलांनाही वापरता येते. फोटो काढला तेव्हा वय अठराच्या आत असेल तर चालतं, नाव सांगावं लागत नाही. फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही, त्याचा फक्त एक डिजिटल ठसा तयार होतो, आणि तो ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो, म्हणजे तोच फोटो फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक वगैरेवर टाकायचा प्रयत्न झाला की त्यांना ओळखता येतो. व्हॉट्सअ‍ॅपसारख्या एन्क्रिप्टेड (कंपनीलाही आतलं दिसत नाही अशा) चॅटमध्ये ह्याचा उपयोग होत नाही, एवढं लक्षात ठेवा. अठरा पूर्ण झालेल्यांसाठी अशीच स्टॉपएनसीआयआय आहे.

साध्या, कपड्यातल्या फोटोवरून एआयने बनवलेला खोटा फोटो असेल तरी पावलं हीच. "पण तो मी नाहीच" म्हणून मूल गप्प बसतं, त्याला सांगा की खोटा असला तरी सांगायचं, त्यालाही रिपोर्ट करता येतं.

आणि त्या पहिल्या दहा मिनिटांत मुलाला काय म्हणायचं? "बरं झालं सांगितलंस. तू अडकलायस, आपण सोडवू." का पाठवलास, कशाला पाठवलास, हे त्या दिवशी विचारू नका. ह्या प्रकारात घाबरून मुलांनी जिवाचं बरंवाईट करून घेतल्याच्या घटना जगभर झाल्यात, म्हणून त्या रात्री मुलाला एकटं सोडू नका.

पायरी ७ : ओळखीच्यांकडून होणारा त्रास

वर्गातल्या ग्रुपमध्ये चिडवणं, मुद्दाम बाहेर काढणं, खोटं अकाउंट काढून बदनामी, हे अनोळखी गुन्हेगारापेक्षा कितीतरी जास्त मुलांच्या वाट्याला येतं. लगेच उलट उत्तर द्यायचं नाही, स्क्रीनशॉट, तारखेसकट. इन्स्टाग्रामवर ब्लॉकऐवजी 'रिस्ट्रिक्ट' बघा, त्यात त्या मुलाच्या कमेंट फक्त त्यालाच दिसतात आणि आपल्याला बंद केलंय हे त्याला कळतही नाही, रोज शाळेत भेटणाऱ्यासाठी हे बरं पडतं. दुसऱ्या मुलाच्या आईबाबांना तावातावाने फोन करण्याआधी शाळेशी बोला. आणि आपलंच मूल त्रास देणाऱ्यांत असू शकतं, तीही शक्यता मनात असू द्या.

पायरी ८ : आता तुमचा स्वतःचा फोन

मुलाच्या शाळेचं नाव, बॅच, घराची खिडकी, रोजची क्लासची वेळ, हे सगळं बहुतेक वेळा आपणच टाकलेल्या फोटोंमधून बाहेर जातं. गणवेशातला फोटो आणि 'आज पहिला दिवस' एवढ्यात नाव, शाळा, इयत्ता तिन्ही गेलं. जुन्या पोस्ट प्रायव्हेट करा, फोनच्या कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा. बरीच मोठी अ‍ॅप्स फोटोतलं लोकेशन काढून टाकतात, पण तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला की ते तसंच जातं. मूल थोडं मोठं असेल तर टाकायच्या आधी त्याला विचारा, नाही म्हणालं तर नाही.

पासवर्डचं थोडक्यात: प्रत्येक ठिकाणी वेगळा, टू-स्टेप (पासवर्डनंतर अजून एक कोड विचारणारी सोय) चालू, ओटीपी कुणालाच नाही, बेस्ट फ्रेंडला पण नाही. मैत्री तुटते, पासवर्ड तोच राहतो. 'फुकट रोबक्स' (रोब्लॉक्समधले पैसे), 'फुकट स्किन' देणाऱ्या साइट अकाउंट चोरायलाच काढलेल्या असतात.

पायरी ९ : रात्र, आणि पुढची देखभाल

रात्री सगळ्यांचे फोन झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला. सगळ्यांचे म्हणजे तुमचाही, नाहीतर हा नियम आठवडाभर पण टिकत नाही. अलार्मचं कारण पुढे येईल, साधं घड्याळ आणून द्या.

अ‍ॅप अपडेट झालं की सेटिंगची जागा बदलते, कधी नवीन काहीतरी आपोआप चालू झालेलं असतं, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी मुलासोबत बसून पायरी ४ पुन्हा करा. त्या वेळी त्यालाच दाखवायला सांगा, "हे कुठे बंद करायचं ते मला शिकव", मुलं आवडीने दाखवतात आणि बोलता बोलता बरंच काही बाहेर येतं.

वय वाढेल तसं सैल करत जायचं, पण सगळं एकदम नको. आधी वेळेची मर्यादा सोडा, मग अ‍ॅपची परवानगी. अनोळखी लोकांचे मेसेज आणि लोकेशन ही दोन सेटिंग सगळ्यात शेवटी उघडा. आणि खरेदीची परवानगी तर मुलाचं स्वतःचं कार्ड येईपर्यंत तुमच्याकडेच राहू द्या.